आणेवारी आणि मूल : वऱ्हाडातील बालसाहाय्याचा इतिहास

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नांदगाव पेठ हे गाव पयनघाटात, म्हणजे उत्तरेकडील सातपुड्याच्या रांगा आणि दक्षिणेकडील बालाघाटचे पठार यांमधल्या काळ्या मातीच्या सखल प्रदेशात वसलेले आहे. कापसाने श्रीमंत झालेला हा पट्टा आणि त्याच जिल्ह्यातला डोंगराळ मेळघाट यांचा इतिहास बहुधा वेगवेगळा सांगितला जातो; परंतु उपाशी मुलांना मिळालेल्या मदतीचा मागोवा घेतला, तर दोन्ही प्रदेश एकाच कथेचे भाग ठरतात. संकट ओळखण्याची सरकारची रीत पीक, मजुरी आणि बाजारभाव यांवर उभी राहिली, तर मुलाच्या मृत्यूची वेळ त्याहून निराळी, बहुधा नंतरची होती. मदत आणि मूल यांच्यातले हे अंतर वऱ्हाडाच्या गेल्या सव्वाशे वर्षांत पुन्हा पुन्हा दिसते.

निजामाकडून 1853 च्या तहान्वये इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाडात 1860 नंतर कापसाची लागवड झपाट्याने वाढली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. त्याच दशकात लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोचल्याने माल मुंबईस नेणे सोपे झाले. मात्र ज्या गाड्यांनी कापूस बाहेर गेला त्यांनीच ज्वारीही बाहेर जाऊ लागली. जमिनीत खोल खणून, आतून लिंपून धान्य साठवण्याची जी जागा असे तिला पेव म्हणत. वाईट वर्षी गावाला तारणारी ही पेवे रिकामी राहू लागली आणि रोख पैशावर जगणारा भूमिहीन मजूर बाजारभावाच्या हवाली झाला. लक्ष्मण सत्य यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या ग्रंथात कापसाची ही भरभराट आणि शतकाअखेरचे दुष्काळ यांचा परस्परसंबंध विस्ताराने मांडला आहे.

1880 च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितेत, म्हणजे टंचाईच्या काळात अधिकाऱ्यांनी पाळावयाच्या नियमावलीत, मदतीचे मुख्य साधन म्हणून दुष्काळी कामे ठरविण्यात आली होती. खडी फोडणे, रस्ते बांधणे, तलाव खोदणे अशा कामांवर जो येईल तोच खरा गरजू, हे या नियमांमागचे गृहीतक होते आणि त्यास श्रमाची कसोटी म्हणत. काम करू न शकणाऱ्यांसाठी फुकट मदत, शिजवलेले अन्न देणारी स्वयंपाकघरे आणि निराधारांसाठी गरीबखाने अशी जोड होती. या रचनेत मूल बहुतांशी कामावर आलेल्या आईबापांचे आश्रित म्हणून मोजले जाई. मुलाच्या नावाने रोख पैसे दिले तर भुकेले घर ते सर्वांसाठी खर्च करी, म्हणून मुलांना कामाच्या जागीच शिजवलेले अन्न द्यावे, हा विचार अनुभवातून पुढे आला. तरीही ज्याचे आईबाप कामापर्यंत पोचलेच नाहीत, त्या मुलाला गाठणे या यंत्रणेला सर्वांत अवघड गेले.

1899 चा पावसाळा वाया गेल्यावर या यंत्रणेची खरी परीक्षा झाली. 1896-97 च्या टंचाईतून सावरत असलेल्या वऱ्हाडाला या दुसऱ्या दुष्काळाने अधिक खोल घाव घातला. 1891 च्या जनगणनेत सुमारे 29 लाख असलेली वऱ्हाडाची लोकसंख्या 1901 मध्ये सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली. या काळातले सर्व मृत्यू अन्नाअभावी झाले नाहीत. उन्हाळ्यात आटलेल्या विहिरींच्या पाण्यातून पसरलेला कॉलरा, हगवण आणि पाऊस सुरू झाल्यानंतरचा हिवताप यांनी अशक्त झालेली माणसे नेली आणि त्यांत मुले व वृद्ध अधिक होते. पाऊस पडला म्हणजे कामे बंद करून मजुरांना शेतावर परत पाठवावयाचे, हा प्रशासनाचा क्रम होता. पण पेरणी आणि नवे पीक यांमधले महिनेच मुलांसाठी सर्वांत घातक होते.

दुष्काळातून उरलेल्या अनाथ मुलांचा प्रश्न तर त्याहून लांब चालला. 1900 च्या भारतीय दुष्काळ धर्मादाय निधीने आपल्या उद्दिष्टांत अनाथांच्या संगोपनाचा स्वतंत्र उल्लेख केला होता, तथापि प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्या संस्था बव्हंशी मिशनच्या होत्या. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनने अकोल्यास मुलांचे आणि खामगावास मुलींचे अनाथगृह चालविले, तर 1890 च्या सुमारास सुरू झालेले कोरकू मिशन एलिचपूर (आजचे अचलपूर) व मेळघाट भागात काम करीत होते. पंडिता रमाबाईंनी 1897 मध्ये मध्य प्रांतात जाऊन दुष्काळग्रस्त मुली व बालविधवा पुणे जिल्ह्यात आणल्या. त्याच सुमारास लाला लजपतराय यांच्या पुढाकाराने आर्य समाजाने मध्य प्रांतातील अनाथ मुले पंजाबात नेली. मुलाला अन्न कोणी द्यावे या प्रश्नाचे रूपांतर मूल कोणत्या धर्मात वाढावे या वादात झाले. त्यातून देशी अनाथाश्रमांना चालना मिळाली, हे खरे. परंतु ज्याचे आईबाप जिवंत असून खायला घालू शकत नव्हते, ते मूल या वादाच्या दोन्ही बाजूंना फारसे दिसले नाही.

मूल हे मदतीचे स्वतंत्र हक्कदार आहे, ही कल्पना जगातही विसाव्या शतकातच रुजली. 1919 मध्ये एग्लंटाइन जेब यांनी पहिल्या महायुद्धानंतर उपाशी राहिलेल्या युरोपीय मुलांसाठी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था काढली. 1946 मध्ये युनिसेफची स्थापना झाली. महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळात कामांवर वाटलेली सुकडी, म्हणजे कोरडा पूरक आहार, पुढच्या पिढ्यांच्याही स्मरणात राहिली आणि त्याच अनुभवातून वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीला 1977 च्या कायद्याचे रूप मिळाले. येथेही केंद्रस्थानी प्रौढ मजूर होता.

1975 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने, म्हणजे अंगणवाडीच्या योजनेने, हा क्रम उलटा केला. आईबापांची मजुरी न पाहता सहा वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री आणि स्तनदा माता यांना तिने लाभार्थी ठरविले. महाराष्ट्रातील तिच्या आरंभीच्या प्रकल्पांत मुंबईची धारावी आणि मेळघाटातील धारणी यांचा समावेश होता. असे असूनही 1993 मध्ये धारणी व चिखलदरा तालुक्यांतील बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरले. त्या वर्षी मेळघाटात जुन्या अर्थाने दुष्काळ नव्हता. जुलै ते सप्टेंबर या काळात घरातले धान्य संपते, मजुरी नसते, नदीनाल्यांमुळे पाडे तुटतात, आई पेरणी-निंदणीला जाते आणि अतिसार, न्यूमोनिया व हिवताप यांचा जोर वाढतो. कमी वजनाच्या मुलाला यांतला एकच आजार पुरेसा होतो. 1900 च्या पावसाळ्यात जे घडले त्याचीच ही दरवर्षी होणारी आवृत्ती होती, फक्त आणेवारीच्या, म्हणजे पिकाचा उतारा अजमावून टंचाई जाहीर करण्याच्या पद्धतीत तिची नोंद होत नव्हती.

त्यानंतर उच्च न्यायालयात जनहित याचिका आल्या आणि 2007 मध्ये दाखल झालेल्या याचिकेवर तर वर्षानुवर्षे सुनावण्या चालल्या. बैरागड येथे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी, तर उतावली येथे डॉ. आशीष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने आरोग्यसेवा उभी केली. पुण्याच्या ‘मैत्री’ने नेमका पावसाळा हेरून स्वयंसेवकांच्या धडक मोहिमा काढल्या. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास सहा महिने ते पाच वर्षे वयाचे मूल तीव्र कुपोषित समजावे, या जागतिक निकषामुळे साधी फीत हाती असलेली गावातली कार्यकर्तीही धोका ओळखू शकते, आणि ग्राम बालविकास केंद्रात अशा मुलास दिवसातून अनेकदा थोडाथोडा आहार देता येतो.

तथापि पावसाळा सरला की प्रश्न डोंगर उतरून सपाटीवर येतो. दिवाळीनंतर मेळघाटातील अनेक कोरकू आदिवासी कुटुंबे कापूस वेचणी, हरभऱ्याची सोंगणी, वीटभट्ट्या आणि बांधकामे यांसाठी अमरावती-अकोल्याच्या मैदानी भागात उतरतात. नांदगाव पेठेच्या परिसरात आता औद्योगिक वसाहत, कापडगिरण्या आणि औष्णिक वीजकेंद्र उभे आहे. मजुरांना ओढून घेणारी पयनघाटाची जुनी शक्ती नव्या रूपात टिकून आहे. मूल मात्र आपल्या गावच्या अंगणवाडीच्या वहीत राहते आणि मुक्कामाच्या गावच्या वहीत त्याचे नाव नसते. युद्धामुळे सीमा ओलांडणाऱ्या निर्वासित बालकाला निदान छावणीत नोंदवहीत जागा मिळते. डोंगरातून सपाटीवर हलणाऱ्या या मुलाला अनेकदा तीही मिळत नाही.

वऱ्हाडाच्या या इतिहासातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. अन्नाचा, निधीचा किंवा योजनांचा तुटवडा हे येथील अपयशाचे एकमेव कारण कधीच नव्हते. मदत पिकाच्या आणि मजुरीच्या हिशेबाने सुरू होऊन त्याच हिशेबाने थांबत राहिली, हे त्याचे अधिक टिकाऊ कारण आहे. जून उजाडण्यापूर्वी पाड्यावर धान्य व औषधे पोचविणे आणि मजुरीच्या हंगामात मुलाची नोंद त्याच्या मागोमाग सपाटीवर नेणे, या दोन गोष्टी जोवर नियमाने होत नाहीत, तोवर अमरावती जिल्ह्यातील बालमृत्यूंचा प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही.