वेगाला सामोरे जाणारे

श्रोतेहो, विटीदांडू न खेळलेला माणूस आपल्याकडे विरळा. कोललेली विटी सूं करीत अंगावर आली की झेलायला उभ्या असलेल्या पोराचे डोळे क्षणभर मिटतात. डोळे मिटले की विटी हातातून निसटते, आणि प्रसंगी कपाळाला खोकही पडते. क्रिकेटमधल्या वेगवान गोलंदाजीची सारी कथा या एका क्षणात सामावलेली आहे. डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे, एवढाच तो प्रश्न.

आता वेग म्हणजे काय, ते आधी पाहू. खेळपट्टीची लांबी बावीस यार्ड, म्हणजे सुमारे वीस मीटर. चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम. आत बूच आणि दोरा, वर घट्ट शिवलेले कातडे. असा चेंडू ताशी १४५ किलोमीटर वेगाने सुटला, तर फलंदाजापर्यंत पोहोचायला त्याला साधारण अर्धा सेकंद लागतो. आपण तोंडाने ‘एक’ म्हणतो ना, तेवढ्यात खेळ संपलेला असतो! तेवढ्यातच चेंडू ओळखायचा, पाय हलवायचा आणि बॅट आणायची. त्यातून चेंडू आखूड टप्प्याचा असेल तर तो जमिनीवर आपटून छातीशी नाही तर डोक्याशी येतो. यालाच ‘बंपर’ म्हणतात. म्हणजे केवळ बाद होण्याची भीती नाही, तर जिवाची भीती.

या भीतीचा शस्त्रासारखा उपयोग करून पाहिला गेला तो १९३२-३३ मध्ये. इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियात गेला होता. कप्तान डग्लस जार्डिन. या गृहस्थांचा जन्म आपल्या मुंबईचा. डॉन ब्रॅडमन यांनी १९३० च्या एका मालिकेत ९७४ धावा काढल्या होत्या. त्यांना आवरायचे कसे? जार्डिन यांनी हॅरोल्ड लारवूड आणि बिल व्होस यांना फलंदाजाच्या अंगाच्या रोखाने आखूड चेंडू टाकायला लावले आणि डाव्या बाजूला क्षेत्ररक्षकांचे कोंडाळे उभे केले. यालाच पुढे ‘बॉडीलाइन’ हे नाव पडले. सिडनीला स्टॅन मॅकॅब यांनी हे चेंडू बेधडक मारून नाबाद १८७ धावा केल्या. ब्रॅडमन यांची सरासरी मात्र ५६ वर आली. दुसऱ्या कोणाची ही सरासरी असती तर गाव जेवण घातले असते. पण ब्रॅडमन यांच्या मानाने ती निम्मीच. इंग्लंडने मालिका चार विरुद्ध एक अशी जिंकली. दोन्ही देशांचे संबंध मात्र बिघडले, आणि पुढे असल्या गोलंदाजीला आळा घालणारे नियम करावे लागले. ब्रॅडमनसारख्या फलंदाजालाही वेगापुढे आपला खेळ बदलावा लागला, हे येथे ध्यानात ठेवू.

आता आपल्याकडे वळू. वेगवान गोलंदाजीपुढे भारतीय फलंदाजांची गाळण उडते, असे पुष्कळ वर्षे बोलले जाई. हे बोलणे खरे होते का? काही अंशी होते. पण त्याची कारणे पाहिली पाहिजेत. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताने पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा आपल्याकडे महंमद निसार आणि अमरसिंग ही वेगवान जोडी होती. निसार यांनी पहिल्याच डावात पाच बळी घेतले. पण अमरसिंग १९४० मध्ये अकाली वारले. फाळणीनंतर निसार पाकिस्तानात राहिले, आणि फझल महमूदही तिकडचेच झाले. घरात मल्लच उरला नाही, तर पोरांनी आखाड्यात अंग घासावे कोणाशी? त्यात आपल्या खेळपट्ट्या थंड, फलंदाजाचे लाड करणाऱ्या. १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. हा पराक्रम मोठाच. पण अशा रणात तयार झालेला फलंदाज इंग्लंडच्या ओल्या हवेत गेला, की चेंडू त्याच्या ओळखीचा राहत नसे.

तरीही याच मातीतून एक माणूस उभा राहिला. विजय हजारे, जन्म सांगलीचा, १९१५ चा, वडील शाळामास्तर. क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियन खेळाडूचे मार्गदर्शन त्यांना तरुणपणी लाभले. १९४८ च्या जानेवारीत ॲडिलेडला कसोटी सामना चालू होता. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचलेला. गोलंदाजीला रे लिंडवॉल आणि कीथ मिलर. त्या काळात यांच्यापेक्षा भेदक जोडी जगात नव्हती. पहिल्या डावात हजाऱ्यांनी ११६ धावा काढल्या. त्यांच्या जोडीला कोल्हापूरचे दत्तू फडकर होते. त्यांनी १२३ केल्या. तरी फॉलोऑन आलाच. दुसऱ्या डावात भारताचे सहा फलंदाज शून्यावर बाद झाले. सहा! लिंडवॉल यांनी ३८ धावांत सात बळी घेतले. आणि त्या पडझडीत हजाऱ्यांनी १४५ धावा केल्या. एकाच कसोटीत दोन शतके करणारे ते पहिले भारतीय. सामना आपण डावाने हरलो. पण एका टोकाला सहा जण भोपळा घेऊन परततात आणि त्याच गोलंदाजांपुढे दुसऱ्या टोकाला एक जण दीडशेच्या घरात जातो, तेव्हा एक गोष्ट सिद्ध होते. वेग खेळता येतो.

चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेच हजारे कप्तान म्हणून इंग्लंडला गेले. लीड्सच्या पहिल्या कसोटीत विजय मांजरेकर यांनी १३३ आणि हजाऱ्यांनी ८९ धावा काढून दोघांनी २२२ धावांची भागी केली. दुसऱ्या डावाला सुरुवात झाली आणि फ्रेड ट्रूमन नावाचा एक दांडगा तरुण, पहिलाच कसोटी सामना खेळणारा, धावत आला. चौदा चेंडूंत भारताचे चार फलंदाज बाद, आणि धावफलकावर धावा शून्य! पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि पहिल्या डावातले शतकवीर मांजरेकर, चौघेही शून्यावर. हजारे आणि फडकर यांनी शंभरांवर भागी करून थोडी अब्रू राखली, एवढेच.

या चौघांपैकी दोन नावे लक्षात ठेवा, मंत्री आणि गायकवाड. त्यांची गोष्ट पुढे येणार आहे.

त्या दौऱ्यात सर्वांत जास्त टीका झाली ती पॉली उम्रीगर यांच्यावर. जन्म सोलापूरचा, धिप्पाड देह, हातात ताकद. कौंटी संघांविरुद्ध त्यांनी धावांचे ढीग रचले. पण कसोटीत सात डावांत मिळून फक्त ४३ धावा. ट्रूमन धावत आले की उम्रीगरांचा पाय लेगच्या बाजूला सरके, आणि साऱ्या मैदानाला तो दिसे. लोकांनी शिक्का मारून टाकला: हा वेगाला भितो.

आता दहा वर्षे पुढे या. १९६२, वेस्ट इंडीज. तेथे वेस्ली हॉल होते. लांबलचक धाव घेऊन येणारा गोलंदाज, अंगाने ट्रूमनहूनही उंच. मार्च महिन्यात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आपले कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. हे कॉन्ट्रॅक्टर काही कच्चे नव्हते. १९५९ मध्ये लॉर्ड्सवर बरगडी मोडलेली असताना त्यांनी ८१ धावा काढल्या होत्या. या वेळी कवटीच फुटली. शस्त्रक्रिया झाली, रक्ताची गरज पडली, तेव्हा रक्त देणाऱ्यांत आपले खेळाडू होते, उम्रीगर होते, आणि वेस्ट इंडीजचे कप्तान फ्रँक वॉरेलही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले. पण कसोटी सामना पुन्हा त्यांच्या वाट्याला आला नाही. एकवीस वर्षांच्या पतौडींवर कप्तानपद आले.

विचार करा, श्रोतेहो. सोबत्याचे डोके फुटलेले पाहून, त्याला रक्त देऊन, उम्रीगर पुन्हा मैदानात उतरायचे होते. वय छत्तीस. पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत पहिल्या डावात हॉल यांनी आपली वरची फळी कापून काढली. उम्रीगर यांनी ५६ केल्या. दुसऱ्या डावात त्यांनी नाबाद १७२ धावा फटकावल्या, आणि त्याआधी गोलंदाजीत पाच बळीही घेतले होते. सामना हरला, पण तो दहा वर्षांपूर्वीचा शिक्का त्या दिवशी पुसला गेला.

आता मंत्री आणि गायकवाड. माधव मंत्री यांच्या बहिणीचा मुलगा म्हणजे सुनील गावसकर. मामा लीड्सला शून्यावर बाद झाले; भाच्याने १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या. पुढे होल्डिंग, रॉबर्ट्स, मार्शल असे एकाहून एक वेगवान गोलंदाज आले, तरी वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांची एकूण तेरा शतके झाली. आणि दत्ता गायकवाड यांचा मुलगा अंशुमन. १९७६ मध्ये किंग्स्टनला, उसळत्या खेळपट्टीवर, तो तासन्‌तास अंगावर चेंडू झेलत ८१ धावांपर्यंत गेला. शेवटी होल्डिंग यांचा चेंडू कानावर बसला आणि त्याला उचलून रुग्णालयात न्यावे लागले. त्या सामन्यात आपले इतके जण जखमी झाले, की दुसऱ्या डावात पाच जण खेळायलाच येऊ शकले नाहीत. बापाच्या नावावरचे शून्य मुलाने असे फेडले.

यातले बहुतेक सारे शिरस्त्राणाच्या, म्हणजे हेल्मेटच्या, आधीचे. १९७७-७८ पासून हेल्मेट रुळू लागले. त्याने जीव वाचले, यात शंका नाही. तरी २०१४ मध्ये सिडनीला फिल ह्यूज हा तरुण फलंदाज हेल्मेट असूनही मानेवर चेंडू लागून दगावला. चेंडू तोच आहे, अंतरही तेच आहे.

मग या मोठ्या फलंदाजांनी वेगळे काय केले? जाणकार तीन गोष्टी सांगतात. गोलंदाजाच्या हातातून सुटतानाच चेंडू पाहायचा. मागचा पाय मागे आणि यष्टीच्या रेषेत न्यायचा, बाजूला नव्हे. आणि जो चेंडू खेळायचा नाही, तो शेवटपर्यंत नजरेने सोबत करून सोडून द्यायचा. तिन्ही गोष्टी डोळ्याच्या आणि पायाच्या आहेत. छातीच्या धाडसाची एकही नाही. म्हणजेच त्या शिकता येतात. उम्रीगरांचा सरकणारा पाय हा भित्रेपणा नव्हता, सवयीचा अभाव होता. सवय झाली, पाय जागेवर आला.

शिक्षकबंधूंना म्हणून एक सांगावेसे वाटते. शाळेच्या मैदानात एखादा मुलगा चेंडू आला की मागे सरतो, पोरे त्याला ‘भित्रा’ म्हणतात आणि त्याचा गडी बदलतात. त्याला बदलू नका. लाकडी फळी आणि रबरी चेंडू घ्या, दहा पावलांवरून हळू टाका, मग थोडा जोरात. त्याला सांगा, मारू नकोस, फक्त बघ. महिनाभराने त्याचा पाय कुठे पडतो ते पाहा. लीड्सच्या मैदानावर पाय सरकलेल्या माणसाला पोर्ट ऑफ स्पेनला पोहोचायला दहा वर्षे लागली. आपल्या मुलाला निदान एक हंगाम तरी द्यायला हवा.