काळ्या तबकडीवरील डेथ मेटल

१/ १९८९ साली नॉटिंगहॅमच्या 'इअरेक' कंपनीने 'मॉर्बिड एंजल' या अमेरिकी बँडचा 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस' हा अल्बम प्रकाशित केला. डेथ मेटलचा तो आजही मानदंड मानला जातो.

२/ विनाइलवर ध्वनी म्हणजे खाच. वऱ्हाडच्या काळ्या मातीतील तासासारखी. खर्ज जितका मोठा, तितकी खाच रुंद डोलते व अधिक जागा व्यापते. एका बाजूवर वेळ वाढला की आवाज क्षीण करावा लागतो. चाळिशीच्या आतला हा अल्बम तबकडीस म्हणूनच मानवला.

३/ मात्र ऐंशीच्या दशकात भारतात कॅसेटने तबकडीस हुसकावले होते. फितीच्या प्रती स्वस्त झाल्या. पण प्रतीगणिक मुखपृष्ठ, वादकांची नावे, प्रकाशनवर्ष गळत गेले. इतिहासाची हानी झाली ती येथे.

४/ तरीही बीज रुजले. २००० साली मुंबईत 'डेमॉनिक रिझरेक्शन' उभा राहिला. २०१७ मध्ये त्याने विष्णूच्या दहा अवतारांवर 'दशावतार' हा अल्बम रचला.

५/ अशा संगीताचे दप्तर सरकारी अभिलेखागारात सहसा सापडत नाही. ते वेष्टनाच्या पाठीवर छापलेले असते. अमरावती-अकोल्यातील कोण्या माळ्यावरची तबकडी भंगारात जाण्यापूर्वी तिची पाठ एकदा वाचली जावी.