भग्न किल्ला आणि अभ्यास-सहल : गाविलगड व लुईबर्ग यांच्या निमित्ताने

प्रस्तावना :

वऱ्हाडातील महाविद्यालयीन सहलींचा इतिहास कोणी लिहिलाच, तर त्यातील निम्मी पाने चिखलदऱ्याने व्यापली जातील. बडनेरा-अमरावती परिसरातून पहाटे बस निघते, परतवाड्यास चहा होतो, घाट चढताना गाण्यांच्या भेंड्या रंगतात आणि अकराच्या सुमारास मंडळी पठारावर पोहोचतात. मग पॉइंट, कॉफी, भीम-कीचकाची कथा, छायाचित्रे. गाविलगड शेवटी येतो, बहुधा जेवणानंतर, उन्हे कलती होत असताना. सहलीच्या अहवालात मात्र 'ऐतिहासिक स्थळास भेट' हे वाक्य पहिले असते.

प्रस्तुत लेखकाने असे अनेक अहवाल स्वतः लिहिले आहेत. त्यामुळे पुढील विवेचनात जी टीका आहे तिचा पहिला धनी तोच आहे. एका वर्षी ५० विद्यार्थ्यांच्या गटास किल्ल्यात जेमतेम पाऊण तास मिळाला. दिल्ली दरवाजापाशी उभे राहून लेखकाने बहमनी, इमादशाही, निजामशाही, मोगल, भोसले, निजाम आणि इंग्रज अशी सारी वंशावळ एका दमात सांगितली. पुढे तोंडी परीक्षेत एका विद्यार्थिनीस 'किल्ल्यात काय पाहिले?' असे विचारले असता तिने प्रामाणिकपणे उत्तर दिले, 'सर, तिथे तर काहीच नव्हतं.' हे 'काहीच नव्हतं' म्हणजे नेमके काय, ते का नव्हते आणि ते नसताना गटाने तेथे जाऊन काय करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पाडलेला आणि पुन्हा उभारलेला एक किल्ला :

तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया प्रांतातील केप ब्रेटन बेटावर लुईबर्ग नावाचा फ्रेंच वसाहतकालीन किल्ला आहे. फ्रेंचांनी १७१३ मध्ये तेथे वस्ती केली आणि पुढे मासेमारीच्या व व्यापाराच्या या बंदराभोवती भक्कम तटबंदी उभारली. समुद्राकडून येणाऱ्या आरमाराला तोंड देण्याची सिद्धता चोख होती, जमिनीकडची बाजू मात्र दुबळी होती. १७४५ मध्ये न्यू इंग्लंडच्या वसाहतींतील सैन्याने तोफा लाकडी घसरगाड्यांवर चढवून दलदलीतून माणसांकरवी ओढत नेल्या आणि जमिनीकडूनच किल्ला घेतला. १७४८ च्या तहाने तो फ्रेंचांना परत मिळाला. त्याच तहात फ्रेंचांनी १७४६ मध्ये जिंकलेले मद्रास इंग्रजांना परत देण्यात आले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगण्यासारखी आहे. कर्नाटकातील युद्धे शिकवताना हे दुसरे टोक सहसा आपल्या हाती नसते. १७५८ मध्ये इंग्रजांनी लुईबर्ग पुन्हा जिंकले आणि ते पुन्हा शत्रूच्या उपयोगी पडू नये म्हणून १७६० मध्ये त्याची तटबंदी सुरुंगांनी उडवून दिली.

त्यानंतर दोनशे वर्षे तेथेही 'काहीच नव्हतं'. १९६१ पासून कॅनडाच्या शासनाने ते उभारण्यास प्रारंभ केला. निमित्त निव्वळ इतिहासप्रेमाचे नव्हते. केप ब्रेटनच्या कोळसा खाणी मंदावल्या होत्या, बेकार झालेल्या खाणकामगारांना काम हवे होते आणि त्यांना दगडकाम व सुतारकाम शिकवून या प्रकल्पावर घेण्यात आले. दुष्काळी कामांची परंपरा असलेल्या आपल्या प्रदेशाला हे नवीन वाटू नये. जुन्या शहराचा सुमारे एक चतुर्थांश भाग, तट, दरवाजे, गव्हर्नरचे निवासस्थान, घरे आणि खानावळी यांसह मूळ पायावर उभा राहिला. हे शक्य झाले ते कागदांमुळे. फ्रेंच नोकरशाहीने नकाशे, अंदाजपत्रके, मालमत्तेच्या याद्या व खटल्यांची दप्तरे जपून ठेवली होती. त्यांतील सुमारे साडेसात लाख पानांच्या प्रती जमवण्यात आल्या आणि उत्खननाशी त्या ताडून पाहिल्या गेल्या.

तेथे येणाऱ्या गटाचा अनुभव कसा असतो? डोफिन दरवाजावर गणवेशातील पहारेकरी येणाऱ्यास अडवतो. आत १८ व्या शतकातील पोशाखात स्वयंपाकीण, सैनिक व व्यापारी वावरत असतात, त्या काळच्या पद्धतीचे जेवण मिळते, तोफ व बंदुका उडवून दाखवल्या जातात. दीर्घकाळ येथील 'वर्तमान' १७४४ सालचे, म्हणजे पहिल्या वेढ्याच्या आदल्या वर्षाचे, धरले गेले. विद्यार्थ्याला कल्पनेवर ताण द्यावा लागत नाही. येथेच शंकाही उपस्थित होते. जे उभे आहे ते विसाव्या शतकातील आहे, हे त्या गर्दीत किती जणांच्या लक्षात राहते? शिवाय १७४४ मध्ये थांबवलेल्या घड्याळात १७६० कधीच येत नाही. किल्ला पाडला गेला ही त्याच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना, आणि तिचाच पुरावा पुनर्बांधणीखाली गाडला जातो. बांधकाम सुरू झाल्यानंतर तीनच वर्षांनी, १९६४ मध्ये, स्मारकांच्या जतनाविषयीची व्हेनिस सनद आली आणि तिने अशा पुनर्बांधणीस तत्त्वतः नकार दिला. लुईबर्ग थोडे आधी सुरू झाले म्हणून झाले, असेही म्हणता येईल.

गाविलगड : सादृश्य आणि भेद :

आता गाविलगडाकडे वळू. बहमनी सुलतान अहमदशाह याच्या काळात, १४२५ च्या सुमारास, या किल्ल्याची उभारणी झाल्याचे फिरिश्ता सांगतो. गवळ्यांच्या जुन्या गढीवरून नाव पडले ही परंपरा त्याहून जुनी आहे. १५ व्या शतकाच्या अखेरीस फत्हुल्ला इमादुल्मुल्क याने त्याची डागडुजी व वाढ केली. विजयनगरच्या मुलखातून बालपणी युद्धात पकडला गेलेला हा कानडी हिंदू कुळातील मुलगा पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक झाला. दिल्ली दरवाजावरील सिंह, हत्ती आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंड पाहताना ही पार्श्वभूमी आठवावी. गंडभेरुंड दक्षिणेतला, दरवाजा सुलतानी बांधणीचा, नाव दिल्लीचे. एवढा एक दरवाजा तासभर पुरतो. निजामशाहीच्या काळातील बहराम बुरुज १५७७ चा आहे. शतकअखेरीस किल्ला मोगलांकडे आणि १८ व्या शतकात नागपूरकर भोसल्यांकडे गेला. या मधल्या काळात सहलीच्या दृष्टीने फार रेंगाळण्याचे कारण नाही.

रेंगाळावे ते डिसेंबर १८०३ पाशी. २९ नोव्हेंबर रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानात भोसले-शिंदे यांचा पराभव झाला आणि तेथून निसटलेले कवायती पायदळ गाविलगडावर आले. किल्लेदार बेनीसिंह हा रजपूत होता. दक्षिणेकडून डोंगर ताठ उभा आहे. त्या बाजूने किल्ला घेणे जवळजवळ अशक्य होते, आणि किल्ला बांधणाऱ्यांचा भरवसाही त्यावरच होता. आर्थर वेलस्ली दक्षिणेस राहिला आणि कर्नल स्टीव्हन्सनने अचलपूरहून धामणगावमार्गे डोंगरातून वळसा घेऊन उत्तरेकडील लाबाडा गाठले. या वाटेवर रस्ता सैन्यालाच तयार करावा लागला आणि जड तोफा डोंगर-दऱ्यांतून माणसांनी ओढून नेल्या. १२ डिसेंबरच्या रात्री मोर्चे बांधले गेले, तटाला खिंडार पडले आणि १५ डिसेंबरला बाहेरचा किल्ला पडला. आतल्या किल्ल्याची भिंत मात्र अभंग होती. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून ती ओलांडली आणि आतून दरवाजा उघडला. बेनीसिंह मारला गेला, कत्तल मोठी झाली. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले, पण गाविलगड व नरनाळा हे किल्ले लगतच्या मुलखासह त्यांना परत मिळाले. १८२२ मध्ये तेही निजामाकडे गेले, १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १८५८ मध्ये, तात्या टोपे यांच्या हालचालींच्या धास्तीने देश ढवळून निघाला असताना, गाविलगडाची तटबंदी निकामी करण्यात आली.

तोफा मागच्या बाजूने ओढून नेणे, जिंकलेला किल्ला तहात परत देणे आणि शेवटी पुन्हा डोके वर काढू नये म्हणून तो पाडणे, हा क्रम दोन्ही ठिकाणी एकच आहे. हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. ज्या बाजूचे रक्षण निसर्गावर सोपवले, तिच्यावर नव्हे तर तिच्या उलट बाजूवर हल्ला करणे ही तोफांच्या युगातील सर्वसाधारण रीत होती, आणि तट पाडणे ही साम्राज्याच्या हिशेबाची.

भेद एवढाच, की लुईबर्ग पुन्हा उभे राहिले. गाविलगड उभारावा काय? अशी मागणी अधूनमधून कानी येते आणि जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांतील १२ किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाल्यापासून तिला धार आली आहे. त्या यादीत विदर्भातील एकही किल्ला नाही. (फ्रेंचांनी १७५० ते १७६१ या काळात ताब्यात ठेवलेली तमिळनाडूतील जिंजी मात्र त्यात आहे.) वऱ्हाडची उपेक्षा हा आपला जुना आणि बऱ्याच अंशी रास्त विषय असला, तरी पुनर्बांधणी हा त्यावरचा उपाय नव्हे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गाविलगड केंद्र संरक्षित स्मारक आहे आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येतो, ही झाली व्यावहारिक अडचण. खरी अडचण कागदांची आहे. आतल्या घरांची उंची, छपरे, बाजाराची जागा, शिबंदीची वस्ती यांविषयी लुईबर्गसारखे दप्तर आपल्या हाती नाही. जे उभे राहील ते चित्रपटाच्या देखाव्यासारखे असेल. इंग्रजी वाचकांना गाविलगड माहीत आहे तो मुख्यतः बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या १९९९ मधील एका कादंबरीमुळे. दगडांची कादंबरी आपण लिहू नये.

आणखी एक कारण आहे. पडका तट हा १८५८ चा अस्सल दस्तऐवज आहे. 'काहीच नव्हतं' म्हणणाऱ्या विद्यार्थिनीने खरे तर तोच वाचला होता. तो कोणी व का लिहिला हे तिला सांगितले गेले नव्हते.

गटाने काय करावे :

अलीकडच्या काही सहलींत लेखकाने क्रम बदलून पाहिला. बस परतवाड्याहून धामणगाव गढीच्या रस्त्याने नेली, म्हणजे स्टीव्हन्सनच्या दिशेने. वळणे सुरू झाली की विचारायचे, 'येथून तोफ कशी न्याल? किती बैल, किती माणसे, किती दिवस?' गाण्यांच्या भेंड्या यामुळे बंद पडत नाहीत, पण मधून मधून कोणी खिडकीतून बाहेर पाहू लागते. चिखलदऱ्यात प्रथम किल्ला, नंतर पॉइंट. किल्ल्यात व्याख्यान दहा मिनिटांच्या वर नाही. चार-पाच जणांचा एक गट करून प्रत्येकास एकेक प्रश्न द्यायचा: पाणी कोठे साठवले असेल, शिबंदीचे धान्य कोठून येत असेल, बाहेरच्या किल्ल्यातून आतल्यात जाण्यास किती पावले लागतात, शिडी कोठे लावली असेल. तळ्यांच्या काठी बसून पाण्याचा हिशेब मांडणारी वाणिज्य शाखेची मुले इतिहासाच्या मुलांपेक्षा पुढे गेली, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. तटाच्या कडेला जाण्यास सक्त मनाई, आणि प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक. गवत वाढलेले असते आणि भिंतींचा भरवसा नाही.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र विद्यार्थ्यानेच विचारला. बी.ए. द्वितीय वर्षाचा एक मुलगा तटावरच्या खिंडाराकडे पाहत म्हणाला, 'सर, यात आपले कोण होते?' लुईबर्गच्या दरवाजावरील पहारेकऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत असेल की नाही, कोण जाणे. आपल्याकडे तो टाळता येत नाही. आत रजपूत किल्लेदार आणि नागपूरकरांचे कवायती शिपाई. बाहेर युरोपीय पलटणींबरोबर मद्रास इलाख्याचे शिपाई, म्हैसूरचे आणि निजामाचे स्वार. तोफा ओढणारी माणसेही बव्हंशी याच देशातली. आणि खाली मैदानात अचलपूर-अंजनगावची रयत, जिच्या कडब्यावर व धान्यावर दोन्ही सैन्ये पोसली गेली. वरच्या जंगलातील कोरकूंचे नाव तर कोणत्याच खलित्यात ठळकपणे येत नाही, जरी वाटा त्यांनाच माहीत असणार.

त्या मुलाला तत्काळ उत्तर देता आले नाही. त्याऐवजी गटाला तेथेच बसवून प्रत्येकाकडून एकेक परिच्छेद लिहून घेतला: १५ डिसेंबर १८०३ च्या सकाळी तुम्ही कोण होता आणि कोठे उभे होता. आश्चर्य म्हणजे किल्लेदार फारच थोडे झाले. कोणी पखालीवाला झाला, कोणी तोफेच्या दोरीला लागला, कोणी अडगावहून पळून आलेला शिपाई. 'काहीच नव्हतं' म्हणणारी विद्यार्थिनी तोवर पदवी घेऊन गेली होती. तिच्याच गावची एक मुलगी त्या गटात होती. तिने लिहिले की ती देवगावात जळण गोळा करत होती आणि वर धूर दिसला तेव्हा तिला वाटले, गवताला आग लागली.

हे परिच्छेद विभागात जपून ठेवले आहेत. येत्या हिवाळ्यात नरनाळ्यास जाण्याचे योजले आहे. तेथील महाकाली दरवाजावरील १४८७ चा शिलालेख फत्हुल्लाच्याच काळातील आहे. तो वाचून होईपर्यंत गटाला पुढे सरकू द्यायचे नाही, असे ठरले आहे.