बाळाचे पाय पाळण्यात दिसतात का? ऑस्ट्रेलियन फुटबॉलने नाकारलेल्या मुलांचा इतिहास

'डॉक्टर, याच्या वयाची मुलं बघा केवढी झालीत! हा खेळतो चांगला, पण संघात घेतच नाहीत. उंची वाढायला काही देता येईल का?' तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचे आईवडील हा प्रश्न नेहमी विचारतात. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येतं, पण तेवढ्याने कुणाचं समाधान होत नाही. म्हणून आज हे उत्तर थोडं लांबून, एका दूरच्या देशातल्या खेळाच्या इतिहासातून देतो. तुमच्या मुलाने हा खेळ कधी पाहिलाही नसेल, पण त्यातली गोष्ट त्याच्या कामाची आहे.

खेळ कोणता?

ऑस्ट्रेलियात, विशेषतः मेलबर्न, ॲडलेड आणि पर्थ या शहरांत, 'फूटी' म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. याचे पहिले लेखी नियम १८५९ साली मेलबर्नमध्ये तयार झाले. मैदान क्रिकेटसारखं लंबगोल, चेंडूही लंबगोल आणि मैदानात एका बाजूचे १८ खेळाडू. चेंडू पायाने मारायचा, हाताने ठोसून द्यायचा, उंच उडी मारून झेलायचा. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात साधारण १२ ते १५ किलोमीटर धावतो आणि वर अंगावर धडकाही झेलतो. त्यामुळे इथे उंची, ताकद, वेग आणि दमसास हे सगळंच लागतं.

निवड कशी होत असे, कशी होते?

१८९७ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली. पुढे अनेक दशकं 'ज्याच्या भागातला मुलगा, त्याचा खेळाडू' असा हिशेब होता. राहत्या पत्त्यावरून क्लब ठरायचा. १९८६ मध्ये ही पद्धत मागे पडून ड्राफ्ट आला. तळाला राहिलेल्या संघाला नव्या मुलांमधून पहिली निवड, मग त्याच्या वरच्याला, अशा क्रमाने नावं पुकारली जातात. १९९० मध्ये लीगचं नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग झालं आणि आज तिच्यात १८ क्लब आहेत.

नेहमीच्या ड्राफ्टसाठी मुलाला त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १८ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे बहुतेक मुलांचा फैसला बारावीच्या वयात होतो. त्याआधी त्यांची कसून मोजणी होते. उंची, वजन, हातांचा पल्ला, २० मीटर धावण्याचा वेळ, जागेवरून आणि धावत येऊन मारलेली उडी, वळणावळणाची धाव, दमसासाची चाचणी. पूर्वी त्यासाठी बीप टेस्ट असे, हल्ली २ किलोमीटर धावायला लावतात.

एवढी मोजमापं, वर्षभर मैदानांवर फिरणारे अनुभवी निवडकर्ते, तरीही चुका होतात. त्या किती मोठ्या असतात ते पाहा.

नाकारलेले आणि नंतर गाजलेले

लीगमधल्या सर्वोत्तम आणि खिलाडूवृत्तीने खेळणाऱ्या खेळाडूला दरवर्षी ब्राउनलो मेडल मिळतं. जेम्स हर्डला १९९० च्या ड्राफ्टमध्ये ७९ व्या क्रमांकावर घेतलं गेलं. त्याच्याआधी ७८ नावं पुकारली गेली होती. १९९६ मध्ये तो ब्राउनलो मेडलचा सहविजेता ठरला. डेन स्वॉन २००१ मध्ये ५८ व्या क्रमांकावर निवडला गेला, २०११ मध्ये त्याला हे मेडल मिळालं. लाची नीलही २०११ मध्ये ५८ वाच. त्याने २०२० आणि २०२३ अशी दोनदा बाजी मारली.

सॅम मिचेलला २००० साली कुणीच घेतलं नाही. त्याच्या पायांत वेग नाही, ही तक्रार जुनी होती. पुढच्या वर्षी ३६ व्या क्रमांकावर हॉथॉर्न क्लबने त्याला घेतलं आणि २००८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली क्लबने विजेतेपद मिळवलं. दोन्ही पायांनी अचूक चेंडू मारणं आणि गर्दीत इतरांच्या आधी मोकळी जागा दिसणं हे त्याचे गुण स्टॉपवॉचमध्ये मावणारे नव्हते.

पर्थच्या मॅथ्यू प्रिडिसला तर राष्ट्रीय ड्राफ्टने घेतलंच नाही. उरलेल्या मुलांसाठी १९९७ पासून 'रूकी ड्राफ्ट' असतो, त्यातून तो विसाव्या वर्षी आत आला. २०१४ मध्ये ब्राउनलो मेडल त्याच्या गळ्यात होतं. २०३ सेंटिमीटर उंचीचा डीन कॉक्सही याच मागच्या दाराने आला आणि २९० सामने खेळला.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. इथे तर अठराव्या वर्षीही दिसले नाहीत. का? याचं पहिलं उत्तर शरीरशास्त्रात आहे.

एका बापाने ठेवलेली नोंद

फूटीचे नियम लिहिले जाण्याच्या बरोबर १०० वर्षं आधी, १७५९ मध्ये, फ्रान्समध्ये गेनो द माँबेयार नावाच्या गृहस्थाने आपल्या नवजात मुलाची उंची मोजायला सुरुवात केली. साधारण दर सहा महिन्यांनी, मुलगा १८ वर्षांचा होईपर्यंत, त्याने ही नोंद ठेवली. ब्यूफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ती प्रसिद्ध केली. एकाच मुलाच्या वाढीची ती जगातली पहिली सविस्तर नोंद मानली जाते. त्या आकड्यांचा आलेख काढला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. उंची वाढण्याचा वेग लहानपणापासून कमी कमी होत जातो आणि वयात येताना एकदम उसळी घेतो.

विसाव्या शतकात जेम्स टॅनर या ब्रिटिश डॉक्टरांनी अनेक मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून दाखवलं की ही उसळी प्रत्येकाला येते, पण तिची वेळ प्रत्येकाची वेगळी. मुलग्यांमध्ये ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास येते आणि त्या वर्षात उंची ९ ते १० सेंटिमीटरही वाढते. पण कुणाला ती बाराव्या वर्षीच गाठते, तर कुणाला सोळाव्या. उंचीपाठोपाठ काही महिन्यांनी टेस्टोस्टेरॉनच्या जोरावर स्नायू भरतात.

आता मैदानावर या. चौदा वर्षांची दोन मुलं. एकाची उसळी होऊन गेली आहे, दुसऱ्याची यायची आहे. जन्मदाखल्यावर वय एकच, पण शरीराच्या वयात तीन-चार वर्षांचं अंतर. पहिला मुलगा दुसऱ्याला सहज ढकलून देतो. बघणारा म्हणतो, 'याच्यात गुण आहेत.' खरं तर त्या क्षणी त्याला जे दिसतंय ते बरंचसं कॅलेंडर आहे. दुसऱ्याची वाढ उशिरा सुरू होते आणि उशिरापर्यंत चालते. पुष्कळदा तो उंचीत पहिल्याला गाठतो. पण तोवर निवड होऊन गेलेली असते.

जानेवारीतली मुलं आणि डिसेंबरातली मुलं

दुसरं कारण त्याहून साधं आहे. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या. वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू भरपूर आणि शेवटच्या महिन्यांतले थोडे, असं आढळलं. कारण वयोगट १ जानेवारीपासून मोजला जायचा. जानेवारीत जन्मलेला मुलगा आपल्याच गटातल्या डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो आणि त्या वयात एक वर्ष फार असतं.

ऑस्ट्रेलियन ड्राफ्टच्या याद्या तपासल्या तेव्हा तिथेही हाच कल दिसला. गंमत पुढे आहे. विशी ओलांडल्यावर उशिरा निवडलेल्या खेळाडूंमध्ये हा कल उलटा, म्हणजे वर्षअखेरीस जन्मलेल्यांच्या बाजूने आढळला. आधी ज्यांना डावललं, त्यांच्यात गुण होतेच. त्यांना फक्त वेळ हवा होता.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. पंधराव्या वर्षी विभागाच्या संघात गेलेल्या मुलाला चांगले प्रशिक्षक, फिजिओ, मोठे सामने मिळतात. दोन वर्षांनी तो खरोखरच सरस झालेला असतो. सुरुवातीचा अंदाज बरोबर होता असं सगळ्यांना वाटतं. राहून गेलेला मुलगा मात्र मनाशी पक्कं करतो, 'आपल्यात नाहीच ते,' आणि खेळ सोडतो. गाजलेल्या नाकारलेल्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. सोडून गेलेल्यांची यादी कुठेच नाही.

शरीराशी संबंध नसलेली कारणं

सगळाच दोष वाढीच्या आलेखावर ढकलता येणार नाही. डग निकोल्स हा आदिवासी समाजातला तरुण, उंची जेमतेम १५७ सेंटिमीटर, पण वाऱ्यासारखा पळणारा. १९२७ च्या सुमारास तो कार्लटन क्लबकडे गेला, तेव्हा त्याच्या रंगामुळे त्याला तिथे सामावून घेतलं गेलं नाही. तो नॉर्थकोटकडून दुसऱ्या स्पर्धेत खेळला, तिथे चमकला आणि १९३२ मध्ये फिट्झरॉय क्लबमार्फत मोठ्या लीगमध्ये पोहोचला. पुढे धर्मोपदेशक आणि समाजसेवक म्हणून काम केलेले हेच सर डग निकोल्स १९७६ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. आज लीगची एक फेरी दरवर्षी त्यांच्या नावाने खेळली जाते.

मार्लियन पिकेटची वाट तुरुंगातून आली. पर्थकडच्या या खेळाडूला ऐन विशीत शिक्षा झाली होती. २०१९ मध्ये हंगामाच्या मधला ड्राफ्ट पुन्हा सुरू झाला, त्यात रिचमंडने त्याला २७ व्या वर्षी घेतलं. त्याच वर्षी थेट अंतिम सामन्यात त्याने पदार्पण केलं आणि संघ जिंकला. हे दार उघडलं नसतं तर तो बाहेरच राहिला असता.

मग आपण काय घ्यायचं?

आपल्याकडेही टॅनर यांचं काम रोज वापरलं जातं. वयोगटाच्या क्रिकेटमध्ये मुलांचं वय पडताळायला मनगटाचा एक्स-रे काढतात. त्यातल्या टीडब्ल्यू-३ पद्धतीतला 'टी' म्हणजे टॅनरच. पण लक्षात घ्या, हा एक्स-रे हाडांचं वय सांगतो, जन्मतारीख नाही. लवकर वयात आलेल्या मुलाची हाडं वयापेक्षा मोठी दिसू शकतात आणि उशिरा येणाऱ्याची लहान.

पालकांसाठी काही गोष्टी:

१. उंचीची नोंद ठेवा. दर सहा महिन्यांनी भिंतीला टेकून, अनवाणी. एका दिवसाच्या उंचीपेक्षा वाढीचा वेग जास्त सांगतो. माँबेयारला जमलं, तुम्हालाही जमेल.

२. वयात येण्यापूर्वीच्या वर्षांत वाढ वर्षाला ४ ते ५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा मुलग्यात १४ पूर्ण होऊनही आणि मुलीत १३ पूर्ण होऊनही वयात येण्याची कोणतीच खूण नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेक वेळा 'उशिरा वाढणारं मूल' एवढंच निघतं. अशा घरांत वडील किंवा मामाही पुष्कळदा असेच उशिरा वाढलेले असतात.

३. उंचीसाठी जाहिरातीतली पावडर, टॉनिक किंवा जिममध्ये कुणी दिलेलं इंजेक्शन नको. स्टेरॉइडमुळे हाडांच्या टोकांच्या वाढीच्या पट्ट्या वेळेआधी बंद होतात आणि उंची कायमची खुंटू शकते.

४. उसळीच्या काळात मूल थोडं धांदरट होतं, टाचा आणि गुडघ्याखाली दुखतं. त्या काळात सराव कमी करा, दुखणं लपवून निवड चाचणीला पाठवू नका.

५. संघात नाव आलं नाही तर 'अजून नाही' असं म्हणा. 'तुला जमत नाही' असं म्हणू नका. आणि मूल रोज खेळत राहील अशी जागा, मग तो गल्लीतला संघ का असेना, शोधून द्या. प्रिडिस, मिचेल आणि पिकेट नाकारले गेल्यावरही कुठे ना कुठे खेळत होते, म्हणूनच दुसऱ्यांदा कुणाला तरी दिसले.