पाते आणि हात यांच्यामधले अंतर

स्नो ब्लोअर हे यंत्र महाराष्ट्रात कुणाच्या दारात असण्याचे कारण नाही. टोरंटोच्या उपनगरांत किंवा मिनेसोटा-मिशिगनकडे राहणाऱ्या मराठी घरांत मात्र दिवाळीचे कंदील उतरतात न उतरतात तोच गॅरेजच्या कोपऱ्यातून ते पुढे ओढले जाते. मी ओंटारिओत राहतो. शिक्षण वाणिज्य शाखेचे, नोकरी हिशेबाची. पण गेली बरीच वर्षे जुनी पेटंटे आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका वाचण्याचा नाद लागला आहे. माहितीपुस्तिका कुणी वाङ्मय म्हणून वाचत नाही, इतिहासाचे साधन म्हणून तर नाहीच. माझा अनुभव असा, की एखाद्या समाजाने यंत्राशी कोणता करार केला हे त्या पुस्तिकांइतके स्पष्ट दुसरीकडे सापडत नाही. या यंत्राचा इतिहास मी एकाच प्रश्नाच्या अंगाने मांडणार आहे. चालवणाऱ्याचा हात पात्यापासून दूर ठेवायचा कसा, हा तो प्रश्न.

आधी यंत्राची रचना. माणूस मागे चालतो आणि यंत्र पुढे, आपल्याकडच्या पॉवर टिलरसारखे. तोंडाशी उघडा लोखंडी डबा असतो. त्यात आडवे बसवलेले मळसूत्री पाते फिरत बर्फ दोन्ही कडांकडून मध्यावर ओढते. मध्यभागी, जरा मागे, जाड पात्यांचा एक पंखा वेगाने फिरत असतो. तो हे बर्फ झेलून वरच्या नळकांड्यातून पंधरा-वीस फूट किंवा त्याहूनही दूर फेकतो. ओढणे एकाचे आणि फेकणे दुसऱ्याचे, म्हणून हे दोन टप्प्यांचे यंत्र. लहान यंत्रात दोन्ही कामे एकच रबरी कडांचे पाते करते. ओल्या बर्फाने अडते ते बहुधा मधले नळकांडे, आणि हात जातो तो तिथेच.

या रचनेचे मूळ घरात नाही, रेल्वेत आहे. कॅनडात रुळांवर साचणारे बर्फ पाचरीसारख्या नांगराने बाजूला सारत. ते एका मर्यादेपलीकडे घट्ट झाले, की मागून कितीही इंजिने लावली तरी नांगर रुतून बसे. बर्फ ढकलण्याऐवजी कापून फेकावे, ही कल्पना १८६९ साली टोरंटोच्या जे. डब्ल्यू. एलियट यांनी पेटंट म्हणून नोंदवली. हे गृहस्थ व्यवसायाने दंतवैद्य. फिरत्या पात्याने कठीण पदार्थ कोरून काढण्याची कल्पना दंतवैद्यालाच सुचावी, यात मला तरी नवल वाटत नाही. त्यांचे यंत्र कागदावरच राहिले. पुढे ऑरेंजव्हिल गावच्या ऑरेंज जल यांनी ती कल्पना सुधारली. एकामागे एक दोन चाके, पुढचे कापणारे, मागचे फेकणारे, आणि दोघांची फिरण्याची दिशा उलट. लेस्ली बंधूंनी ते बांधायला घेतले आणि १८८३-८४च्या हिवाळ्यात टोरंटोच्या पार्कडेल यार्डात कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने त्याची चाचणी घेतली. माझ्या गॅरेजमधल्या यंत्राचे दोन टप्पे म्हणजे जल यांची ती दोन चाके, घरगुती मापात आणलेली.

या रोटरी नांगरावरची माणसे पाहण्यासारखी आहेत. नांगराला स्वतःचे वाफेचे इंजिन होते, पण ते फक्त चाक फिरवी. पुढे सरकायला मागून आगगाडीची इंजिने लावावी लागत. पुढच्या केबिनमध्ये एक जण वाटेवर नजर ठेवी आणि शिट्टीच्या ठरलेल्या खुणांनी मागच्यांना चला, थांबा, मागे घ्या असे सांगे. चाकाचा वेग सांभाळणारा वेगळा, कोळसा टाकणारा वेगळा. चाक अडले तर ते सोडवायला कुणी जाण्याआधी बाकीच्यांना ते कळलेले असे. सुरक्षितता एखाद्या खिट्टीत किंवा दांड्यात नव्हती, ती माणसांच्या टोळीत आणि शिट्टीच्या भाषेत होती.

रस्त्यावरचे यंत्र आले ते आर्थर सिकार यांच्याकडून. १८७६ साली माँट्रियलजवळ सें-लेओनार येथे जन्मलेला हा शेतकरी घराण्यातला माणूस. दूधदुभत्याच्या धंद्यात हिवाळी रस्ते बंद पडले की दूध शहरात पोचत नाही, ही त्यांची घरची अडचण होती. शेतावर गव्हाचे मळणी यंत्र भुसा उडवताना पाहून त्यांना बर्फ उडवण्याची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १९२५ साली त्यांचे यंत्र तयार झाले. ट्रकच्या सांगाड्यावर पुढे बर्फ खेचणारा भाग, फेकण्यासाठी वेगळे इंजिन आणि वळवता येणारी दोन नळकांडी. बर्फ नव्वद फुटांपर्यंत जाई. १९२७ मध्ये माँट्रियलला लागून असलेल्या आउत्रेमाँ नगरपालिकेने ते विकत घेतले. चालक इथेही उंच केबिनमध्ये बसलेला, पात्यापासून दूर.

मळणी यंत्राकडे मी पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आणि कॅनडात उपनगरे पसरली. प्रत्येक घराला गॅरेज, गॅरेजपासून रस्त्यापर्यंत फरसबंद वाट, आणि ती मोकळी ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची. फावड्याने बर्फ उपसताना हृदयविकाराचे झटके येतात हे डॉक्टर सांगतच होते. गवत कापायची यंत्रे बनवणाऱ्या मिनियापोलिसच्या टोरो कंपनीने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मागे चालून चालवायचे यंत्र बाजारात आणले. विस्कॉन्सिनमधल्या ब्रिलियन गावची एरियन्स कंपनी जमीन भुसभुशीत करणारे टिलर बनवत असे. तिचे पहिले यंत्र १९६० सालचे. दोन्ही कंपन्यांचा धंदा उन्हाळी होता, हिवाळ्यात कारखाना रिकामा ठेवणे परवडणारे नव्हते. घरमालकाची सोय आणि कारखान्याची सोय इथे नेमकी जुळली.

यंत्राचे माप उतरले तशी टोळी गेली. शिट्टी नाही, केबिन नाही, वाटेवर नजर ठेवणारा दुसरा माणूस नाही. सकाळी सहाला कामावर जाण्याच्या घाईत असलेला, अर्धवट झोपेतला, जाड हातमोजे घातलेला एकच माणूस हा चालकही, इंजिनवालाही आणि अडलेले बर्फ काढणाराही. त्याला कुणी शिकवलेले नाही. त्याच्या हातात आहे ती एक पुस्तिका, आणि ती त्याने वाचलेली नाही.

याचे परिणाम हाडांच्या आणि हातांच्या शल्यविशारदांनी नोंदवून ठेवले आहेत. अमेरिकेत दर वर्षी पाच हजारांहून अधिक माणसे या यंत्राच्या जखमा घेऊन तातडीच्या उपचारासाठी जातात. हाताच्या शल्यविशारदांच्या अमेरिकी संघटनेने या जखमींचे जे चित्र दिले आहे ते मला फार बोलके वाटते. पुरुष, सरासरी वय चव्वेचाळीस; बर्फ ओले, जड आणि सहा इंचांहून जास्त; तापमान गोठणबिंदूच्या आसपास. कडाक्याच्या थंडीतले बर्फ साखरेसारखे कोरडे असते, ते नळकांड्यातून सुटे उडून जाते. हवा जरा उबदार झाली की तेच चिखलासारखे चिकटते. अनुभवी माणसाला ज्या दिवशी हवा बरी वाटते, तोच धोक्याचा दिवस. त्यात नगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करताना वाटेच्या तोंडाशी दाबलेल्या बर्फाचा बांध टाकून जातो, आणि यंत्र अडते ते या बांधाशी.

इथे यांत्रिकीची एक गोष्ट समजून घ्यावी लागते. पंखा बर्फाने अडला म्हणजे तो थांबला, असे डोळ्यांना दिसते. पण पट्ट्यात आणि दांड्यात ताण साठलेला असतो, मुरगळून धरलेल्या दोरीत असतो तसा. आतला गोळा सुटला की पाते झटका देऊन फिरते, इंजिन बंद केलेले असले तरी. म्हणून ‘इंजिन बंद करा’ एवढी सूचना अपुरी आहे. आजच्या पुस्तिकांतला क्रम असा आहे: दांडे सोडा, इंजिन बंद करा, किल्ली काढा, सगळे थांबेपर्यंत थांबा, आणि त्यानंतरही हात नव्हे, काठी घाला. विजेवर आणि बॅटरीवर चालणाऱ्या नव्या यंत्रांत आवाज नसल्यामुळे यंत्र बंद आहे असा भास जास्त होतो. तिथे तार किंवा बॅटरी काढणे हीच किल्ली.

काठीबद्दल थोडे लिहितो, कारण मला ती या साऱ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची सुधारणा वाटते. पूर्वी पुस्तिकेत म्हणत, अडलेले बर्फ काठीने काढा. पण पहाटे सहाला, बर्फाने झाकलेल्या अंगणात, काठी आणायची कुठून? पुढे उत्पादकांनी एक प्लॅस्टिकचे चपटे हत्यार यंत्राच्या डब्यावरच अडकवून द्यायला सुरुवात केली. त्यात यंत्रशास्त्र काहीच नाही. माणूस लांबची गोष्ट आणायला जाणार नाही, हातातलीच वापरेल, एवढे एक मानसशास्त्र त्यात आहे. सूचना छापणे आणि वस्तू हाताशी ठेवणे यांत काय फरक असतो, ते मला या काठीने शिकवले.

दुसरी सुधारणा दांड्याची. दाबून धरला तरच पाते फिरते, सोडला की क्लच सुटतो. नळकांड्याकडे हात न्यायचा तर दांडा सोडावाच लागतो. अमेरिकेत १९७२ सालच्या कायद्याने ग्राहक सुरक्षा आयोग स्थापन झाला आणि अशा यंत्रांचे दिवस बदलले. गवत कापण्याच्या यंत्राचे पाते दांडा सोडल्यावर तीन सेकंदांत थांबले पाहिजे, हा नियम त्याने सक्तीचा केला. बर्फाच्या यंत्राबाबत मात्र मानक ऐच्छिक राहिले. पुस्तिका सांगतात की दांडा सोडल्यावर पाते पाच सेकंदांत थांबले नाही तर यंत्र वापरू नका, आधी पट्टा आणि तार जुळवून घ्या. पाच सेकंद म्हणजे हात नळकांड्यात घालायला भरपूर वेळ, हेही लक्षात ठेवावे.

दांडा बांधता येतो, ही त्याची दुबळी बाजू. जपानमध्ये बर्फाळ प्रांतांतून असे अपघात इतके झाले की उत्पादकांच्या मंडळाने २००४ पासून आपल्या सदस्यांच्या यंत्रांना हा दांडा बंधनकारक केला. तरी लोक तो दोरीने बांधून ठेवतात आणि मागे येणाऱ्या यंत्राखाली सापडतात, असे तिथली सरकारी तपास संस्था अजूनही बजावत असते. बोटे आखडतात, हात भरून येतो, म्हणून बांधतात. मला या लोकांना मूर्ख म्हणवत नाही. अर्धा तास मूठ आवळून धरायला लावणारी रचना हाही एक दोषच आहे. काही यंत्रांत दोन्ही दांडे एकत्र दाबले की चाकांचा दांडा धरून ठेवला तरी पात्याचा आपोआप धरला जातो आणि एक हात मोकळा होतो. बांधण्याचे कारणच काढून टाकणारी ही युक्ती मला जास्त शहाणपणाची वाटते.

आता मळणी यंत्र. सिकार यांनी ज्या जातीच्या यंत्रावरून बर्फाचे यंत्र घडवले, त्या मळणी यंत्राने हरित क्रांतीनंतर उत्तर भारतात असंख्य मजुरांचे हात नेले. रात्रपाळीत, थकलेल्या अवस्थेत पेंढ्या आत सारताना हात ओढला जाई. त्यातून आपल्याकडे १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. भारतीय मानकात पेंढी सारण्याच्या घसरणीची लांबी किमान ९०० मिलिमीटर आणि तिचा झाकलेला भाग ४५० मिलिमीटर ठरवला गेला. हात आणि पाते यांच्यामधले अंतर आपल्या देशाने असे मिलिमीटरमध्ये मोजून ठेवले आहे. फरक एवढाच, की मळणी यंत्रात हात माल घालायच्या तोंडाने जातो, आणि इथे तो माल बाहेर पडण्याच्या तोंडाने जातो. त्या तोंडाला घसरण लावता येत नाही. म्हणून काठी.

देखभालीचे प्रकरण पुस्तिकेत मागे असते आणि लोक ते धोक्याशी जोडत नाहीत. मी दोन हिवाळ्यांपूर्वी एक जुने यंत्र विकत घेतले. मळसूत्र ज्या दांड्यावर बसते त्याला दोन मऊ खिट्ट्या असतात, त्यांना शिअर पिन म्हणतात. दगड किंवा गोठलेले वर्तमानपत्र अडकले की ती तुटावी आणि गिअरबॉक्स वाचावा, यासाठीच ती मऊ ठेवलेली असते. आधीच्या मालकाने तिथे बाजारातला कडक बोल्ट घातला होता. बोल्ट शाबूत होता, गिअरबॉक्सचे पितळी चक्र झिजून गेले होते. दुसऱ्या बाजूची खिट्टी योग्य होती, पण दांड्याला वर्षानुवर्षे ग्रीस न दिल्याने मळसूत्र गंजून दांड्याशी एकजीव झाले होते; तिथे खिट्टी असून नसल्यासारखी. पात्याच्या दांड्यावर काळ्या चिकटपट्टीचा डिंक अजून होता. ती पट्टी कशासाठी होती हे मला कुणी सांगण्याची गरज नव्हती.

बाकी कामे थोडक्यात. हिवाळ्याआधी तेल बदलायचे, पट्टे तपासायचे, खालची खरवडपट्टी आणि दोन्ही बाजूंच्या लोखंडी टाचा झिजल्या असतील तर बदलायच्या; वाट खडीची असेल तर टाचा उतरवून डबा जरा उंच ठेवायचा, नाहीतर खडे गोळीसारखे उडतात. पेट्रोल थंड इंजिनमध्ये आणि दाराबाहेर भरायचे. गॅरेजचे दार उघडे आहे म्हणून आत इंजिन चालवायचे नाही, कार्बन मोनॉक्साइड दाराकडे पाहून थांबत नाही. वसंतात टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे, कारण महिनोन्‌महिने साठलेले पेट्रोल कार्बोरेटरमध्ये डिंकासारखे बसते. ते बसले की पुढच्या नोव्हेंबरात यंत्र धडपडत सुरू होते, मध्येच बंद पडते, आणि चालवणारा चिडतो. अमेरिकी शल्यविशारदांनी अपघाताच्या कारणांत उतावीळपणाही नोंदवला आहे. त्यातला किती उतावीळपणा मुळात कार्बोरेटरमधला असतो, हे कुणी मोजलेले माझ्या पाहण्यात नाही.

माझ्या जुन्या यंत्राच्या डब्यावर काठी अडकवायची खोबण होती, काठी नव्हती. कंपनीकडून मागवली ती यायला तीन आठवडे लागले. तोवर त्या खोबणीत सुताराकडून आणलेली सागाची दोन फुटी पट्टी बांधून ठेवली होती.