परिचर्या

परिचर्या (नर्सिंग) हा आजारी, जखमी, अपंग, वृद्ध तसेच निरोगी व्यक्तींची शास्त्रशुद्ध देखभाल करण्याचा आरोग्यसेवेतील स्वतंत्र व्यवसाय आहे. तो करणाऱ्या व्यक्तीस परिचारिका किंवा परिचारक म्हणतात. बोलीभाषेत नर्स, सिस्टर व ब्रदर हे शब्द रूढ आहेत. रोगाचे निदान व उपचार हे वैद्यकाचे प्रमुख क्षेत्र असते, तर आजाराला व उपचाराला व्यक्तीचे शरीर व मन कसा प्रतिसाद देते, याकडे परिचर्येचे लक्ष असते.

इतिहास
चरकसंहितेत वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद मानले आहेत. परिचारकाच्या अंगी सेवाकर्माचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी आपुलकी आणि शुचिता असावी, असे त्यात म्हटले आहे. आधुनिक परिचर्येचा पाया फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी घातला. क्रिमियन युद्धातील अनुभवानंतर त्यांनी स्वच्छता, वायुवीजन व मृत्यूंच्या सांख्यिकीवर भर दिला आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. त्यांचा जन्मदिवस, १२ मे, आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

कार्यकक्षा
परिचर्येचे काम मूल्यांकन, परिचर्या-निदान, नियोजन, अंमलबजावणी व मूल्यमापन या पाच टप्प्यांत चालते. त्यातील कृतींचे तीन प्रकार केले जातात.

* स्वतंत्र कृती : शय्याव्रण टाळण्यासाठी रुग्णाची कूस बदलणे, स्वच्छता राखणे, नातेवाइकांना घरच्या देखभालीची माहिती देणे.
* अवलंबी कृती : वैद्यकाच्या आदेशानुसार औषध, सलाईन किंवा रक्त देणे.
* सहयोगी कृती : आहारतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ आदींसह संयुक्तपणे करावयाची कामे.

अवलंबी कृतींतही परिचारिका केवळ आज्ञापालक नसते. औषध देण्यापूर्वी रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग व वेळ यांची खातरजमा करणे आणि आदेश शंकास्पद वाटल्यास औषध थांबवून विचारणा करणे ही तिची व्यावसायिक जबाबदारी आहे. रुग्णाजवळ सर्वाधिक वेळ तीच असल्याने श्वसन, नाडी किंवा शुद्धी यांतील बदल बहुधा प्रथम तिच्याच लक्षात येतो. अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, प्रसूती, मनोरुग्ण, कर्करोग व सामाजिक आरोग्य ही या व्यवसायातील काही विशेष क्षेत्रे आहेत.

भारतातील शिक्षण व नियमन
भारतात एएनएम (दोन वर्षे), जीएनएम (तीन वर्षे) व बी.एस्सी. नर्सिंग (चार वर्षे) हे मुख्य अभ्यासक्रम आहेत, पुढे एम.एस्सी. व पीएच.डी.ची सोय आहे. व्यवसाय करण्यासाठी राज्य परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. शिक्षणात एकसमान दर्जा राखण्यासाठी १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेची तरतूद झाली. त्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला.

महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका व अधिसेविका अशी चढती पदे आहेत. ग्रामीण भागात उपकेंद्रातील एएनएम गरोदर स्त्रियांची तपासणी, लसीकरण व कुटुंबनियोजनाचे काम करते. एका उपकेंद्रासाठी सपाट प्रदेशात ५,००० व डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येचा निकष आहे.

समस्या
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ७९ लाख परिचर्या कर्मचारी होते आणि सुमारे ५९ लाखांची उणीव होती. कर्मचाऱ्यांपैकी जवळपास ९० टक्के स्त्रिया होत्या. एका परिचारिकेवर अनेक रुग्णांचा भार, रात्रपाळी, संसर्गाचा धोका आणि परदेशी स्थलांतर हे प्रश्न भारतातही आहेत.

सुरक्षिततेचा प्रश्नही गंभीर आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच लैंगिक अत्याचार झाला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या १८ मे २०१५ रोजी मृत्यू होईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. या सुमारे ४२ वर्षांत तेथील परिचारिकांच्या अनेक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्या दयामरणासाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळताना रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या इच्छेला महत्त्व दिले. आरोग्यसेवा देणाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा स्वतंत्र कायदा असून परिचारिकांनाही त्याचे संरक्षण आहे.