नवउद्यमाची जोखीम : अकोले तालुक्याच्या आर्थिक इतिहासाचा एक विचार

(१)

अबू धाबी ही संयुक्त अरब अमिरातींची राजधानी. खनिज तेलाच्या उत्पन्नावर उभ्या राहिलेल्या या नगरात गेल्या काही वर्षांत एका नव्या प्रकारच्या उद्योगाला राजाश्रय लाभला आहे. अल्प भांडवल, नवी कल्पना आणि जलद विस्ताराची आकांक्षा घेऊन निघालेल्या या उद्योगांना मराठीतही आता ‘स्टार्टअप’ असेच म्हणतात. २०१८ साली तेथील शासनाने ‘गदन २१’ या नावाने तीन वर्षांसाठी पन्नास अब्ज दिरहमांचा विकासकार्यक्रम जाहीर केला. त्याच कार्यक्रमातून २०१९ साली ‘हब ७१’ ही संस्था स्थापन झाली. नव्या उद्योजकांना घरभाडे, कचेरीची जागा आणि आरोग्यविमा यांत सवलत देणे हे तिचे आरंभीचे कार्य. ‘मुबादला’ ही शासकीय गुंतवणूक संस्था तिच्या पाठीशी होती.

या घटनेचे वर्णन सामान्यतः साहसाचे वर्णन म्हणून केले जाते. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यात निराळा प्रश्न दिसतो. नवा उद्योग म्हणजे अनिश्चिततेत घातलेले भांडवल होय. तो यशस्वी झाला तर नफा कोणाचा, हे करारपत्रात लिहिलेले असते. तो बुडाला तर नुकसान अखेर कोणाच्या अंगावर पडते, हे मात्र पुष्कळदा करारपत्रात लिहिलेले नसते. ते समाजरचनेतून ठरते. हा प्रश्न तपासण्यासाठी आखाताइतकेच उपयुक्त क्षेत्र अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आहे. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या कुशीतील अकोले तालुका व त्यातून उगम पावणारी प्रवरा यांच्या इतिहासात गेल्या पावणेदोनशे वर्षांत भांडवलाचे चार प्रकार एकामागून एक अवतरले : सावकारी, सरकारी, सहकारी आणि अगदी अलीकडचे बियाण्याचे. प्रत्येक प्रकारात जोखमीची वाटणी निराळी आहे.

(२)

तेलापूर्वीच्या आखाताचा मुख्य उद्योग मोत्यांचा होता. मोती काढणाऱ्या गलबताचा नाखवा व्यापाऱ्याकडून उचल घेई आणि तीच उचल पुढे पाणबुड्यांना वाटी. हंगाम संपला की हिशेब होई, आणि तो बहुधा पाणबुड्याच्या अंगावर बाकी ठेवूनच संपे. पुढल्या वर्षी त्याच नाखव्याकडे बुडी मारण्यावाचून त्याला गत्यंतर नसे. बाप मेला तर कर्ज मुलाकडे येई. या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती, आणि भारतीय रुपया हेच आखाताचे चलन होते. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखातासाठी स्वतंत्र रुपया काढला. कुवेतने १९६१ मध्ये व बहारीनने १९६५ मध्ये आपापले दीनार प्रचारात आणले, तेव्हा हा संबंध सुटू लागला. जपानी संवर्धित मोती आणि १९३० च्या सुमाराची जागतिक मंदी यांनी मोत्यांचा धंदा बसविला, त्या वेळी सर्वांत मोठा आघात सोसला तो ज्याच्या नावावर एकही गलबत नव्हते त्या पाणबुड्याने.

अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी व ठाकर शेतकऱ्याची स्थिती या पाणबुड्याहून फार वेगळी नव्हती. त्याची उचल रोख नाण्यापेक्षा धान्याची असे. आगोटीच्या तोंडाशी सावकाराकडून भात वा नाचणी न्यायची आणि सुगीला ती वाढीदिढीने, म्हणजे सवाईने किंवा दिढीने, परत करायची, अशी ही पद्धत होती. पाऊस हुकला तर व्याज मुदलात मिळे आणि अखेर जमीन गहाण पडे. देवगावच्या राघोजी भांगरे यांनी १८४० च्या दशकात पुकारलेल्या उठावाला याची पार्श्वभूमी होती. डोंगरी नायकांचे जुने हक्क व नेमणुका कंपनी सरकारने हिरावल्या, हे त्या उठावाचे एक कारण. सावकारीचा जाच हे दुसरे. बंडकऱ्यांचा रोख सावकारांवर आणि त्यांच्या दस्तऐवजांवर होता, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. २ मे १८४८ रोजी राघोजींना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ साली उसळलेल्या दंग्यांतही कर्जखते जाळण्यावरच भर होता. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. सावकाराने पावती द्यावी, हिशेब दाखवावा, ही त्यातील महत्त्वाची तत्त्वे. बहारीनमध्ये १९२० च्या दशकात मोतीव्यवसायाची सुधारणा हाती घेण्यात आली, तेव्हा तेथेही प्रत्येक पाणबुड्याच्या हिशेबाची वही असावी हाच आग्रह धरण्यात आला. दोन दूरच्या प्रदेशांत राज्यकर्त्यांनी एकच उपाय योजावा यात नवल नाही. हिशेब लेखी झाला की लबाडीला आळा बसतो; परंतु अपयशाचा भार ज्याच्या खांद्यावर होता त्याच्याच खांद्यावर राहतो. त्या भाराची वाटणी बदलण्यासाठी भांडवलाचे स्वरूपच बदलणे आवश्यक होते.

(३)

हा बदल प्रवरेच्या खोऱ्यात प्रथम सरकारी भांडवलाने घडविला. शेंडीजवळ भंडारदरा येथे १९१० साली धरणाचे काम सुरू झाले आणि डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे अकरा अब्ज घनफूट पाणी साठविणारे हे दगडी धरण एका अर्थाने त्या काळचा सर्वांत मोठा नवउद्यम होता. सोळा वर्षे पैसा घालीत राहावयाचे, असे साहस त्या प्रदेशातील कोणताही सावकार वा कंपनी करू शकली नसती. जोखीम सरकारी तिजोरीने, म्हणजेच पर्यायाने करदात्याने उचलली.

लाभाची दिशा मात्र नदीच्या प्रवाहाची होती. जलाशयाखाली गेलेली जमीन अकोल्याची. ज्या ओझर बंधाऱ्यापासून डावा व उजवा कालवा निघतो तो संगमनेर तालुक्यात, आणि कालव्याचे भरणे मुख्यतः राहाता, श्रीरामपूर, राहुरी या अवर्षणप्रवण भागाला. धरणाच्या परिसरात पावसाळ्यात पाऊस काही हजार मिलिमीटर पडतो. श्रीरामपूरकडे तो पाचशेच्या आसपास. तेव्हा पाणी खाली नेणे हे अभियांत्रिकीच्या दृष्टीने अयोग्य नव्हते. परंतु डोंगरउतारावरचे पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात धरणाच्या वरची वाडी कोरडी पडते, ही वस्तुस्थितीही त्याच भूगोलातून येते. वरच्या गावांनी जमीन दिली. त्या गुंतवणुकीचा ‘भाग’ कोणत्याही नोंदवहीत त्यांच्या नावे चढला नाही.

खाली, कालव्याच्या क्षेत्रात, सरकारी पाण्यावर प्रथम खाजगी भांडवल आले. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना आणि महादेव डहाणूकर यांनी स्थापिलेला टिळकनगरचा कारखाना ही त्याची ठळक उदाहरणे. कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन ऊसमळे वसविले. पाण्याची जोखीम सरकारने उचललेली, जमीन शेतकऱ्याची आणि साखरेचा नफा भागधारकांचा, असे हे त्रिकूट होते.

(४)

या त्रिकुटाला आव्हान मिळाले ते १९४० च्या दशकात. बागाईतदार गुळाच्या पडत्या भावाने गांजले होते. १९४५ साली बेलापूर रोड, म्हणजे आजच्या श्रीरामपूर येथे, दख्खनच्या कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्यातून प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याची कल्पना आकारास आली. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून भाग जमविले. गाडगीळ अध्यक्ष झाले. मुंबई राज्याचे तत्कालीन अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा मिळाला. १९५० च्या अखेरीस पहिला गळीत हंगाम सुरू झाला.

या संस्थेची भांडवलरचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. सभासदांचे भाग, मुंबई सरकारने घेतलेले भाग आणि १९४८ साली स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज असे तिचे तीन घटक होते. अबू धाबीतील नव्या संस्थेशी तिचे साम्य उघड आहे. दोन्हीकडे अनुभवी भांडवलदार पुढे येत नव्हता वा पुरेसा नव्हता, म्हणून शासनाने आरंभीची जोखीम वाटून घेतली. दोन्हीकडे तज्ज्ञाचे मार्गदर्शन हा भांडवलाइतकाच महत्त्वाचा घटक ठरला. भेदही तितकाच उघड आहे. प्रवरानगरचा भागधारक आपला ऊस, आपली जमीन आणि आपले गाव यांसह त्या साहसात उतरला होता. कारखाना बुडाला असता तरी तो कोठे जाणार नव्हता. म्हणूनच तो सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारू शकत होता. आखाती राजधानीतील उद्योजक बहुधा परदेशी असतो, आणि तेथील त्याचे वास्तव्य परवान्यावर अवलंबून असते. दीर्घ मुदतीच्या ‘सुवर्ण’ निवासपरवान्याची योजना २०१९ पासून आली, यावरून शासनालाही या उणिवेची जाणीव झाली असे म्हणता येते. तथापि नागरिकत्वाविना भागीदारी आणि सभासदत्वासह भागीदारी यांतील अंतर परवान्याच्या मुदतीने भरून निघत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. सहकारी रचनेने जोखीम वाटली हे खरे. परंतु महाराष्ट्रातील अनेक सहकारी कारखाने पुढे तोट्यात गेले, काही खाजगी मालकांच्या हाती गेले, आणि शासनाच्या हमीचा भार सार्वजनिक तिजोरीवर पडला. म्हणजे नफा सभासदांचा व तोटा सर्वांचा, असेही घडले. हा आक्षेप निराधार नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष असा नव्हे की शासनाने जोखीम उचलूच नये. निष्कर्ष असा की जोखीम उचलणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार राहिला पाहिजे. पहिल्या दशकात गाडगिळांसारखा बाहेरचा आणि निःस्पृह अध्यक्ष त्या पदावर होता, ही गोष्ट या दृष्टीने केवळ चरित्रात्मक तपशील नाही.

अकोल्यापुरता विचार करता काळाचाही हिशेब मांडावा लागतो. भंडारदऱ्याच्या खाली प्रवरेवरच निळवंडे धरणाच्या योजनेचा विचार १९७० साली झाला; तिच्या पंच्याऐंशी किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. मध्ये त्रेपन्न वर्षे गेली. भांडवलशास्त्र विलंबाला खर्च मानते. येथे तो खर्च पाण्याची वाट पाहणाऱ्या दोन पिढ्यांनी सोसला, आणि प्रकल्पाच्या किमतीत तो कोठेही धरलेला नाही.

(५)

चौथा प्रकार आकाराने लहान, पण विचाराच्या दृष्टीने मोठा आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई सोमा पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे जमविण्यास सुरुवात केली ती घरातील आजारपण आणि संकरित बियाण्याबरोबर आलेली रासायनिक फवारणी यांचा संबंध मनाशी जोडून. शाळेचे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेचे साहाय्य मिळाल्यावर या घरगुती संग्रहाला बियाणे बँकेचे रूप आले. वाल व घेवडा यांचे नाना प्रकार, भाताचे स्थानिक वाण आणि रानभाज्या तिच्यात जतन झाल्या. २०२० च्या पद्म पुरस्कारांत राहीबाईंना पद्मश्री जाहीर झाली.

या बँकेचा व्यवहार असा सांगितला जातो : शेतकऱ्याने बियाणे न्यावे आणि पीक आल्यावर दुप्पट परत करावे. वरवर पाहता हा दर सावकाराच्या दिढीहूनही जड आहे. परंतु दराच्या आकड्यावरून भांडवलाचे स्वरूप ठरविणे किती भ्रामक आहे, याचे हे उत्तम उदाहरण होय. वाढीदिढीचे धान्य पोटासाठी नेलेले असे. ते खाऊन संपे आणि कर्ज मागे राही. बियाणे पेरले जाते, आणि मूठभर दाण्यांचे पायलीभर होतात. त्यातून दुप्पट देणे जड जात नाही. दुसरे असे की, सावकाराला परत मिळालेले धान्य त्याच्या कोठारात जाई. बँकेला परत आलेले बियाणे पुढल्या शेतकऱ्याच्या शेतात जाते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे येथे जमीन तारण नाही. पीक बुडाले तर संबंध बिघडतो, सातबारा नाही.

(६)

या चार अवस्था एकत्र पाहिल्या असता एक सूत्र हाती येते. सावकारीत अपयशाचा सगळा भार ऋणकोवर पडला. सरकारी धरणात तो करदात्याने आणि बुडीत जमिनीच्या मालकांनी वाटून घेतला, पण लाभाची वाटणी त्या प्रमाणात झाली नाही. सहकारात भार व लाभ एका सभागृहात आले, आणि ते सभागृह जोवर जागे राहिले तोवर टिकले. बियाणे बँकेत भार इतका लहान ठेवण्यात आला की कोणी उद्ध्वस्त होऊ नये. नव्या उद्योगाची प्रतिष्ठा किती निधी गोळा झाला यावर मोजण्याची रीत आज सर्वत्र रूढ आहे, अबू धाबीत आहे तशी पुण्यातही. इतिहासाची रीत वेगळी. एखादा उद्यम फसल्यानंतर कोण घरी परत जाऊ शकतो आणि कोणाचे घरच जाते, हे पाहिल्यावाचून त्या उद्यमाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

आखाताच्या नव्या राजधान्यांविषयी असा निर्णय देण्याची वेळ अद्याप आलेली नाही. तेथील प्रयोगाला अजून दशकही पुरे झालेले नाही. प्रवरेच्या खोऱ्यातील प्रयोगांना मात्र शतक उलटले आहे, आणि त्यांचे हिशेब कर्जखते, कालवा विभागाचे अहवाल व संस्थांची इतिवृत्ते यांत विखुरलेले आहेत. नदीच्या वरच्या आणि खालच्या गावांचे हे हिशेब एकाच खातेवहीत मांडून पाहणे, हे या प्रदेशाच्या आर्थिक इतिहासाचे पुढचे काम होय.